ललिताचं हौ बाकी आहे

चंद्रपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. ललिताबाईले धनराजचा जोहार.
कृ. सा. न. वि. वि.

मी इथी खुशाल आहो. तू खुशाल असशील असं मी लिहीत नाई, कारण मले माहीत आहे. चिठ्ठी पाहून घाबरू नको, कोणाले काई झालं नाई. आपल्या इरुकटोल्यात फोन लावाचा म्हणजे तुले टेकडीवर चढा लागते, अन् एवढी चढून तू नुसती हं हं करतेस. मागच्या वेळी मी सात मिनिटं बोललो अन् तू चारदा हं म्हणलं. मोजलं मी. आपण दोघं दोन आश्रमशाळेत होतो तवा तू पोस्टकार्ड टाकत होतीस, त्यात तुले जागा पुरत नोती, कडेकडेनं उभं लिहीत होतीस. म्हणून म्हणलं, आपल्या भावाबहिणीचं कागदावरच बरं जमते.

आता कामाची गोष्ट. परवा बुधू आजा गॅरेजवर आला. सत्तरी पार केलेला माणूस, दोन बस बदलून धानोऱ्याहून चंद्रपूरले, मी तर पाहातच राह्यलो. म्हणे का गावाच्या डिझेल जीपले पंधरा वर्षं झाली, पासिंग संपली, दिवाळी झाल्यावर ती भंगारवाल्याले देऊन टाकली. आता बांबूच्या पैशातून ग्रामसभेले नवी गाडी घ्याची आहे, दवाखान्याच्या कामासाठी. तू गाड्यातला माणूस, तूच सांग कोणती. बाई, खरं सांगतो, छाती फुगली माझी. याच आजानं मले लहानपणी मोहाच्या झाडावरून खाली ओढून झोडपलं होतं.

आजाच्या तीन अटी आहेत. पहिली, डिझेल नको. मी विचारलं काऊन, तर आजा छताकडे पाहून चहा पीत राह्यला. दुसरी, नाल्यातून निघाली पाह्यजे. तिसरी, आडवा माणूस मावला पाह्यजे. त्याच्यासाठी आजानं फडक्यात गुंडाळून बांबूची कामटी आणली, गावातल्या सर्वात उंच माणसाच्या मापाची. झिंगूले जमिनीवर निजवून कापली म्हणे. आता मी ही कामटी खांद्यावर घेऊन शोरूमा पालथ्या घालून राह्यलो. टायवाले लोक विचारतेत का भाऊ, हे काय आहे. मी म्हणतो, हा आमचा झिंगू.

इब्राहीम उस्ताद, म्हणजे माझा गॅरेजमालक, त्याचं म्हणणं पेट्रोलची घ्या, मधली सीट पडणारी. माझं मन बॅटरीच्या गाडीवर आहे. अजिबात आवाज नाई तिले, पंखा फिरल्यासारखी जाते. तुले कोणती पाह्यजे ते लिही. तू नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या भाटव्यांच्या, बाजूले बसून बारा वर्षं जीपमध्ये फिरली, तुझ्यापेक्षा जास्त कोणाले समजते?

तुझ्या दिराले चैतूले अन् जावेले बुधरीले जोहार सांग. बुधरीले कितवा महिना लागला? धानाची कापणी झाली का?

माया आहे तेवढी राहू दे, वाढवली तरी माझी काई हरकत नाई.

तुझा लहान भाऊ,
धनराज


इरुकटोला
१९ नोव्हेंबर २०२४

चि. धनराजले ललिताचे अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी भेटली. झिंगूचं वाचून हसू याले पाह्यजे होतं. मी दोनदा वाचलं. हसाची जागा समजली, पण हसू आलं नाई.

धान कापून झालं. यंदा बरं आहे. बुधरीले पाचवा लागला, तिले आंबट नाई, मातीच खावीशी वाटते, मी रागावते तर लपून खाते. चैतू बांबूच्या तोडीवर जाते. दोघं तसे वेगळे राह्यतेत पण मागचं परसू, सांदवाडी, एकच आहे, त्यामुळे बुधरी दिवसभर माझ्याच इथी असते. ती बोलते अन् मी काम करते.

जीप नेली त्या दिवशी मी वावरात होती. घरी येऊन पाह्यलं तर आंगणात चार चाकांच्या जागी गवत पिवळं पडलं होतं. गावातले लोक दारात उभे राहून माझ्याकडे पाहात होते, का ही आता पडते, आता रडते. मले काई झालं नाई. मी गवतावर पाणी टाकलं अन् आत गेली. धनराज, तुले म्हणून लिहिते, मले काईच होत नाई. भात शिजवते, खाते, भांडे घासते. तुझे भाटवे गेल्यावर सहा महिने झाले, मी एकदाही रडली नाई. पाय आखडून बधिर होते ना, चिमटा घेतला तरी दुसऱ्याच्याच पायाले घेतल्यासारखं वाटते, तसं माझं सर्वच झालं आहे.

गाडीचं मले नको विचारू. सभेत विषय निघाला होता. आपल्या गावची रीत तुले माहीत आहे, हात वर करून मोजणं नाई, एकेकाले विचारतेत अन् सर्वांचं हौ आलं तरच ठरते. गोटूलच्या ओसरीत सर्व बसले होते. पेट्रोलच्या गाडीले सर्वांनी हौ म्हणलं. माझी पाळी आली. मी नाई पण नाई म्हणलं अन् हौ पण नाई म्हणलं. तोंडच उघडलं नाई. मग आजा म्हणे का ललिताचं हौ बाकी आहे, पुढच्या सभेत पाहू. कोणी रागावलं नाई. आता माझ्यावर कोणीच रागवत नाई.

तू जेवाच्या वेळेवर जेवत जा. गॅरेजच्या तेलाच्या हातानं खाऊ नको.

तुझ्यावर जीव आहे, दिसत नसला तरी आहे असं समजून घे.

तुझी बाई,
ललिता


चंद्रपूर
५ डिसेंबर २०२४

ती. बाईले धनराजचा जोहार.
कृ. सा. न. वि. वि.

बुधरीले सांग का माती खाल्ली तर पोरगं कुंभार निघते. हे माझं डॉक्टरी ज्ञान.

काल आजानं टेकडीवरून फोन केला. दुसरी सभा झाली अन् ललिताचं हौ पुन्हा बाकी राह्यलं असं त्यानं सांगतलं. मग मी हट्टालेच पेटलो, का आजा, आता मले खरं सांग, डिझेल काऊन नको. तवा त्यानं सांगतलं. बाई, मी भाटव्यांच्या तेराव्याले आलो होतो, पण त्या दिवशीचं एवढं मले कोणी सांगतलंच नोतं.

आजानं सांगतलं का मे महिन्यात सकाळी दहाच्या सुमाराले इतवारी भाटवे आंगणात छाती धरून बसले. गावातले बाकी जवळजवळ सर्व तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून द्याच्या जागेवर, गेले होते, ट्रॅक्टरवाल्यासकट अन् मोटरसायकलवाल्यांसकट. तू अन् दोनतीन म्हाताऱ्यांनी मिळून त्यांना जीपमध्ये टाकलं. जीप समोर उभी, डिझेल भरलेलं, अन् गावात तिले चालवता येणारा माणूस एकच, तोच मागच्या सीटवर पडलेला. तू त्यांच्या खिशातून किल्ली काढून जीप चालू केली. त्याच्या पुढचं तुले येत नोतं. बाहेरून ड्रायव्हर येईपर्यंत दीड तास तू ती चालू जीप धरून बसून होतीस. तो आला तवा भाटवे गेले होते.

आजा म्हणे का तवापासून डिझेलच्या इंजिनाचा आवाज आला का ललिता जागच्या जागी उभी राह्यते. म्हणून अख्ख्या गावानं, तुले न विचारता, आपसात ठरवलं का तो आवाज गावात पुन्हा नको. अन् आता त्यांना वाटून राह्यलं का पेट्रोलचाही तुले त्रास होत असंल, म्हणून तू हौ म्हणत नाई. म्हणून मग बॅटरीची पाहा म्हणतेत. पाहा आता! मी बॅटरी बॅटरी करत होतो ते नुसती फॅशन म्हणून, अन् गाव म्हणते याच्यासाठी!

पण उस्तादनं मले झापलं. म्हणे का तुमच्याकडे एकदा लाईन गेली का तीन दिवस येत नाई, मग गाडी गोठ्यातल्या बैलासारखी बसून राहील, तिले काय कडबा टाकाल? त्याचं खरं आहे. बाई, पेट्रोलचीच जमते. आवाज असते, पण जीपसारखा नाई, मी कान लावून पाह्यलं. कामटी मावते. झिंगू मावते.

मार्चात बुधरी बाळंत होईल. तोपर्यंत गावात गाडी पाह्यजे. तू फक्त हौ म्हण. एक अक्षर आहे.

थोडा लोभ, थोडा राग, दोन्ही पाठवत जा, कोरडं पाकीट नको.

तुझा,
धनराज


इरुकटोला
१४ डिसेंबर २०२४

चि. धनराजले अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी आली त्या दिवसापासून उत्तर लिहून राह्यली. चार कागद चुलीत गेले.

गाव समजते का मले आवाजाचा त्रास होते. तू पण तसंच समजतोस. सर्व लोक इतके चांगले वागतेत का मले गुदमरते. आवाजाचा मले काईच त्रास नाई रे. जीपचा आवाज कानात आला का मी उभी राह्यते, कारण तेवढ्यापुरतं मले वाटते का कोणी तरी आलं चालवणारं. बस एवढंच.

खरी गोष्ट वेगळी आहे. ती मी कोणालेच सांगतली नाई. तुले लिहून राह्यली, वाचून झाल्यावर काय कराचं ते तुझं तू पाह्य.

चैतूले गाडी शिकाची होती. एकदा नाई, तीन वेळा तो यांच्या मागं लागला होता. शेवटचं मागच्या वर्षीच्या पोळ्याले. हे तयार होते. म्हणाले का शिकवतो, दोघं असले का मले पण आराम. मी नाई म्हणलं. मी रात्रंदिवस डोकं खाल्लं यांचं. चैतू शिकला का मग लोक त्याच्याही दारात जातील. धनराज, गावातल्या कोणाले दुखलंखुपलं, कोणाले बाजारात जाचं, कोणाची पोरगी बाळंतपणाले, सर्व आमच्या आंगणात येऊन उभे राह्यत. म्हाताऱ्या मले ललिताबाई म्हणत, अगोदर मी नुसती ललिता होती. धानोऱ्याच्या बाजारात मी पुढच्या सीटवरून उतरत होती अन् बायका पाहात होत्या. ते मले आवडत होतं. खूप आवडत होतं. ते वाटून घ्याची माझी तयारी नोती.

मग यांनी चैतूले नाई म्हणून सांगतलं. काय सांगतलं ते मले माहीत नाई, मी विचारलं पण नाई. माझं काम झालं होतं.

त्या दिवशी चैतूचा पाय कुऱ्हाडीनं कापला होता म्हणून तो फळीवर गेला नोता. घरीच होता. तो जीपच्या दाराले धरून उभा होता दीड तास. तो शिकलेला असता तर आम्ही अर्ध्या तासात धानोऱ्यात असतो.

आता सांग, सभेत मी कशाचं हौ म्हणू? ते मले विचारतेत पेट्रोल का बॅटरी. गाडीले त्या दिवशी काई झालंच नोतं. गाडी चांगली होती. त्या दिवशी ड्रायव्हर नोता, अन् तो नोता माझ्यामुळे. एवढ्या सभा झाल्या, हे कोणीच बोलत नाई, गाडीचंच बोलतेत. मले बाकी काई वाटत नाई, पण लाज वाटते, एवढं एक वाटते.

तुझ्या नजरेतून उतरली तर तसं लिही, गोड बोलू नको.

ललिता


चंद्रपूर
२० डिसेंबर २०२४

ती. बाईले जोहार.
कृ. सा. न. वि. वि.

गोड बोलत नाई. वाचून मले तुझा राग आला. भाटवे मले आवडत होते, आठवीत असताना त्यांनीच मले पहिल्यांदा जीपचं इंजिन उघडून दाखवलं, त्याच्यावर तर मी आज पोट भरून राह्यलो. एक दिवस मी गॅरेजमध्ये कोणाशी बोललो नाई. उस्तादनं विचारलं का घरी काई झालं का, मी म्हणलं हौ, झालं, पण मे महिन्यातच.

दुसऱ्या दिवशी राग उतरला. मग मले आठवलं का उस्तादनं मले रंगाचं मिश्रण शिकवलं ते मी बाजूच्या कारागिराले सांगत नाई. काऊन? कारण मग लोक मलेच विचारतेत. म्हणजे मी काई वेगळा नाई. फक्त माझ्यामुळे कोणी मेलं नाई, एवढाच फरक, अन् तो नशिबाचा आहे.

बाई, आता भावाचं ऐक. हे कोणाले सांगू नको. सांगून भाटवे येणार नाईत. चैतू भाऊ गेल्यापासून आतल्या आत धुमसत असंल, तुले पुढची जिंदगी त्याच सांदवाडीत काढाची आहे, बुधरी दोन जीवाची आहे. ते घर फुटू देऊ नको. सभेत जा, हौ म्हण, गाडी येऊ दे, चैतूले शिकू दे. चिठ्ठी मी फाडून टाकली. तुकडे रॉकेलच्या डब्यात बुडवून जाळले, पिक्चरमध्ये दाखवतेत तसे. उस्ताद म्हणे का पोट्टा पागल झाला.

राग गेला आहे. माया आपल्या जागेवर आहे, तिले कुठी जाता येत नाई.

तुझाच,
धनराज


इरुकटोला
६ जानेवारी २०२५

चि. धनराजले अ. उ. आ.

तुझं ऐकलं नाई.

सभेत माझी पाळी आली, आजानं विचारलं का ललिता, पेट्रोलच्या गाडीले तुझं काय. मी उभी राह्यली अन् म्हणलं का गाडी कोणतीई घ्या, डिझेलची घ्या नाई तर बैलाची घ्या, पण चालवणारे दोनतीन पाह्यजे. अन् मग बाकीचं सर्व सांगतलं. पोळ्याचं, चैतूचं, मी डोकं खाल्लेलं. आवाजात चढउतार नोता म्हणे, बुधरीनं मागून सांगतलं, जसं कोणी रेशनची यादी वाचते.

मग चैतू उभा राह्यला. सांगतलं का दादानं त्याले असं नोतं म्हणलं का वहिनी नको म्हणते. दादानं म्हणलं होतं का तुझा हात गाडीचा नाई, तुझ्यात तेवढी अक्कल नाई, तू बांबूच तोड. सर्वांसमोर म्हणलं होतं, झिंगू अन् बाकीचे हसले होते. चैतू म्हणे का तवापासून मी तेच खरं मानत आलो. दादा मागं पडला होता अन् मी दार धरून हेच मनात म्हणत होतो का माझ्यात अक्कल नाई.

धनराज, माझं नाव येऊ नये म्हणून यांनी सख्ख्या भावाले बिनअकलेचा केलं. मले माहीत नोतं. खरंच माहीत नोतं.

चैतू सभेतून उठून गेला. जाता जाता म्हणे का आता माझं हौ बाकी आहे. आठ दिवस तो माझ्या दारावरून गेला पण बोलला नाई. बुधरी येऊन बसते अन् दोघींपैकी कोणीच काई बोलत नाई.

पुन्हा सभा बसली. आजानं विचारलं का चैतू, तुझं हौ कशानं येईल. तो म्हणे का दंड पाह्यजे. आपल्या गावात दंड म्हणजे बकरा नाई तर जेवण, सर्वांना तेच वाटलं, मी पण मनात बकरी मोजून ठेवली. तो म्हणे का बकरा नको. जिनं शिकू दिलं नाई तिनं अगोदर शिकावं, लायसन काढावं, गावाची गाडी चालवावी, अन् जो येईल त्याले शिकवावं, एकालेही नाई म्हणाचं नाई. बाया कुजबुजल्या. आजानं एकेकाले विचारलं, सर्वांनी हौ म्हणलं. शेवटी मले विचारलं.

मी हौ म्हणलं. गाडीलेही अन् दंडालेही. शिकणाऱ्यांत झिंगूनं नाव दिलं, अजून दोघांनी दिलं. चैतूनं नाई दिलं.

मले भीती वाटली नाई अन् आनंद पण नाई. कशाचीच चव नाई. पण जीभ हलली, एवढं झालं.

आता तुझ्या उस्तादले विचार का बत्तीस वर्षांच्या बाईले गाडी येते का.

जीव लावत जा, मी पण लावीन, हात गरम झाले का.

ललिता


चंद्रपूर
१५ जानेवारी २०२५

ती. ड्रायव्हरबाईले जोहार.
कृ. सा. न. वि. वि.

माझं ऐकलं नाई ते बरं केलं. हे मी पहिल्यांदा अन् शेवटचं कबूल करून राह्यलो.

गाडी ठरली. पेट्रोलची, पांढरी, सात जणांची, मधली सीट आडवी पडते. बुधू आजा अन् तिघं पंचवीस तारखेले येतील, सोबत निंबू आणतील, मी सांगतलं का शोरूमवाले स्वतःच निंबू ठेवतेत तरी ऐकत नाईत. गाडी मी स्वतः चालवत घेऊन येईन.

उस्तादची भाची निशात, तिचं गडचिरोलीत गाडी शिकवाचं केंद्र आहे. ती बायांनाच जास्त शिकवते. बोलून ठेवलं आहे. अगोदर कच्चं लायसन, मग महिनाभरानं परीक्षा, तिथी आठाचा आकडा काढा लागते. नाल्यात उतरताना गाडी बंद पडली तर घाबरू नको, सर्वांची पडते, माझीही पडली होती, अन् माझ्या मागं तर म्हशी होत्या.

उस्ताद म्हणे का तिले येईल. विचारलं कशावरून, तर म्हणे का जिनं पूर्ण सभेत आपली चूक सांगतली ती रिव्हर्स पण घेऊ शकते.

चैतूवर जोर करू नको. त्याचं त्याले येऊ दे.

थंडी लागू देऊ नको, अन् मले विसरू देऊ नको का तू माझी बहीण आहेस.

धनराज


इरुकटोला
१८ मार्च २०२५

चि. धनराजले अ. उ. आ.

बुधरीले पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत. हे पहिलं लिहिलं, म्हणजे तू खालचं सावकाश वाचशील.

लायसन भेटून बावीस दिवस झाले होते. तोपर्यंत मी आजाले दोनदा अन् एका तापाच्या पोरीले एकदा धानोऱ्याले नेलं, बस. झिंगूले शिकवून राह्यली, त्यानं शाळेचं कुंपण पाडलं, त्याचे पाय गाडीत मावत नाईत हे तू कामटीनं मोजलंच नाईस. चैतू अडीच महिने माझ्याशी बोलला नोता. गाडीकडे पण पाहात नोता. ती माझ्या आंगणात उभी राह्यते, तो पलीकडून वळून जात होता.

काल सकाळी आठ वाजता बुधरीच्या पोटात सुरू झालं. चैतूनं तिले उचलून आणलं अन् मागं निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याशी बोलला नाई. मी गाडी काढली. नाल्यात उतरताना बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. आरशात पाह्यलं तर तो माझ्याकडेच पाहात होता. मले वाटलं का आता हा काई तरी म्हणेल, ते खरंच असंल, अन् मी इथीच संपून जाईन. तो काई म्हणला नाई. तिसऱ्यांदा चालू झाली अन् वर निघाली. धानोऱ्यात दाखवलं, त्यांनी गडचिरोलीले न्या म्हणलं. मी नेलं. पूर्ण रस्ता मले काई वाटत नोतं, हात आपले आपले काम करत होते.

दवाखान्यात तिले आत नेलं. मी गाडीतच बसून राह्यली. उतराचं लक्षातच आलं नाई. ऊन चढलं, सीट तापली, मी बसूनच होती.

एक वाजता चैतू बाहेर आला. खिडकीशी उभा राह्यला अन् म्हणला का वहिनी, पोरगी झाली, बुधरी बरी आहे. मी मान हलवली. मले वाटलं एवढंच सांगाले आला. तो गाडीच्या समोरून फिरून माझ्या बाजूले आला, दार उघडलं अन् म्हणला का सरक. मी बाजूच्या सीटवर सरकली. तो माझ्या जागेवर बसला. मग विचारलं का यातला क्लच कोणता, मले शिकव.

मी सांगतलं का डावा. अन् मले रडू आलं. धनराज, दहा महिन्यांचं रडू आलं. मोठ्यानं आलं, दवाखान्याच्या आवारात, लोक पाहात होते, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. यांचं नाव घेऊन रडली. यांनी कसं मागं पडून मले किल्ली खिशात आहे म्हणून सांगतलं ते आठवलं, यांचा शेवटचा शब्द किल्ली होता, ते मी आतापर्यंत कोणाले सांगतलं नोतं. चैतू मले चूप राह्य म्हणला नाई. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून थांबून राह्यला. त्याच्याही डोळ्यातून चाललं होतं पण त्यानं पुसलं नाई.

मग गार्ड आला अन् म्हणे का इथी गाडी लावाची नाई, मागं घ्या. मी उतरून माझ्या जागेवर येत होती, तर चैतूनं मले विचारलं का वहिनी, मागचा गियर कुठी असते. मी रडत रडतच सांगतलं.

तू पोरीले पाहाले ये. उस्तादले अन् निशातले माझा सलाम सांग.

माया आहे. आज लिहिताना मले ती हाताले लागली, म्हणून लिहून राह्यली.

तुझी बाई,
ललिता